पाणी लागलेला खेळ

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. तुमच्यातल्या कुणी मला पाहिलंच, तर शिळ्या भाकरीचा डबा समजून पुढे जाल. गाणगापुरात रामाचार्य पुजाऱ्यांच्या ओसरीत एक कोनाडा आहे, त्यात मी असतो. माझ्या शेजारी उदबत्तीचा पुडा आणि बंद पडलेलं घड्याळ आहे. आमचं तिघांचं बरं चाललं आहे.

माझा जन्म मुंबईजवळच्या एका कारखान्यात झाला. साल असेल सत्त्याऐंशी. माझ्या पोटात एक काळी चिप आहे, ती चालू लागली की तापते. म्हणून मला बनवणाऱ्या इंजिनिअर बाईंनी माझ्या पाठीवर वारा जायला भोकं ठेवली होती. मालकांना ती आवडली नाहीत. त्यांनी भोकांवर कंपनीच्या नावाची चकचकीत पट्टी बसवली. "साहेब, तापून आतल्या जोडांचा डाख सुटेल," बाई म्हणाल्या. "दिवाळी हुकली तर वर्ष हुकलं," मालक म्हणाले. दिवाळी हुकली नाही. घाईघाईत डाख लावून, तोंडाला पावडर फासून आम्हाला खोक्यात घातलं.

गुलबर्ग्याला शिवशंकरप्पांच्या दुकानात मी फळीवर बसलो. तिथे मी एक गोष्ट ऐकली. आमच्यातले बरेच जण बंद पडून परत येऊ लागले होते. कंपनीचा माणूस आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "कुणीही तक्रार घेऊन आलं की आधी विचारायचं, पाणी लागलं होतं का? पाणी लागलं की आपली जबाबदारी संपली." शिवशंकरप्पा पापभीरू होते, पण त्यांनी मान हलवली. दुकान त्यांना चालवायचं होतं.

मला नरहररावांनी घेतलं. ते गुलबर्ग्याला सरकारी कचेरीत होते. त्यांची मुलगी वृंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मला आजोबांकडे गाणगापूरला घेऊन आली. घरात जुना काळा-पांढरा टीव्ही होताच.

आजोबा म्हणजे रामाचार्य, नरहररावांचे वडील. त्यांची बायको शारदाबाई पौषात गेली आणि तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद झालं होतं. पूजा करत, जेवत, ओसरीत बसत. त्यांची धाकटी बहीण नलिनीबाई घर बघे. यात्रेकरूंनी काही विचारलं तर तीच उत्तर देई. डॉक्टर झाले, अंगारा झाला. रामाचार्यांच्या तोंडून मंत्र सोडून शब्द निघत नव्हता.

माझ्यात घालायच्या कॅसेटीत एक खेळ होता. नदीत नाव, समोरून खडक. खडक चुकवत नाव न्यायची. वृंदा खेळत होती आणि आजोबा मागे बसले होते. नाव आदळली. पुन्हा आदळली. तिसऱ्या वेळी मागून आवाज आला, "अगं, डावीकडं घे की! खडकावर कामून न्यायलीस?"

स्वयंपाकघरात नलिनीबाईंच्या हातातली पळी खाली पडली.

त्या दिवसापासून रामाचार्य रोज पूजा आटोपून माझ्यासमोर बसू लागले. त्या नावेला ते भीमेतली नाव म्हणत. तिला रागावत, चुचकारत, आणि नाव पार झाली की नलिनीबाईंना हाक मारून सांगत. हळूहळू यात्रेकरूंशीही बोलू लागले. वृंदा सुट्टी संपवून गेली, पण मला तिथेच ठेवून गेली. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते. मला तेव्हा काय वाटत होतं ते आता आठवत नाही, पण दिवस चांगले होते एवढं माहीत आहे.

एकच होतं. रामाचार्य सोवळ्यात असत. मला हात लावण्याआधी ते दर्भाने संगमाचं पाणी माझ्यावर शिंपडत. वृंदाने एकदा विचारलंही होतं, "आजोबा, मशीनवर पाणी कामून शिंपडायलाव?"

"दहा जणांचे हात लागून आलंय हे. शुद्ध केल्याबिगर कसं शिवू?"

थेंब ते किती! पाठीवरच्या पट्टीवर पडत आणि उन्हाने वाळून जात. आत एकही गेला नाही. हे मी शपथेवर सांगतो.

श्रावणात एके दिवशी माझी चिप तापली आणि तिचा डाख सुटला. नाव नदीच्या मधोमध थांबली. पडदा पांढरा झाला.

रामाचार्य मला मांडीवर घेऊन बसने गुलबर्ग्याला आले. नरहररावांना बरोबर घेऊन दुकानात गेले. आमच्या आधी दोन गिऱ्हाइकं तोच प्रश्न ऐकून भांडून गेली होती. पाणी नाही लागलं, ती ओरडत होती. मग आमची पाळी आली.

"स्वामी, पाणी लागलेलं काय ह्याला?" शिवशंकरप्पांनी मान वर न करता विचारलं.

"व्हय," रामाचार्य म्हणाले. "रोज शिंपडत होतो."

शिवशंकरप्पांनी मान वर केली. व्हय म्हणणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा. क्षणभर वाटलं, ते मला उघडायला पेचकस उचलतील. त्यांनी मला हळूच पुढे सरकवलं. "मग काही करता येत न्हाई, स्वामी."

बाहेर आल्यावर नरहरराव म्हणाले, "अण्णा, मशीनला कुठं सोवळं असतंय का?" ते रागाने बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर रामाचार्यांनी कुठल्याच यंत्राला हात लावला नाही. रेडिओला नाही, दिव्याच्या बटणालासुद्धा नाही. तिन्हीसांजेला नलिनीबाई देवळात गेलेल्या असल्या तर त्या येईपर्यंत अंधारात बसून राहत. बोलणं पुन्हा मंत्रापुरतं उरलं. मे महिन्यात वृंदा आली. तिने मला कोनाड्यात पाहिलं आणि आत निघून गेली. मीही इथे बसून बघत होतो. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, नुसतं दिसत होतं.

पुढे कंपनीने नवं मशीन काढलं. आमच्या कॅसेटी त्यात बसेनात, दुकानदारांच्या फळ्यांवरचा जुना माल तसाच पडून राहिला, आणि लोकांचा विश्वास तर आधीच उडाला होता. कंपनी बुडाली. शिवशंकरप्पांच्या दुकानाला कुलूप लागलं.

हे मला कसं कळलं? ते स्वतःच इथे आले, आणि त्यांची हकीकत बाकीच्या सेवेकऱ्यांनी ओसरीत नलिनीबाईंना सांगितली. गाणगापुरात सेवेला आलेली माणसं दुपारी पाच घरी माधुकरी मागतात, लहान-थोर सगळे. गळ्यात झोळी अडकवून शिवशंकरप्पा आमच्या दारात उभे राहिले आणि भिक्षेची हाक दिली.

रामाचार्य भात-पोळी घेऊन बाहेर आले. त्यांनी ओळखलं. झोळीत भिक्षा घातली आणि कित्येक महिन्यांनी सरळ वाक्य बोलले.

"त्या दिवशी तुमाला उगाच तरास दिलो. पाणी मीच घातलो होतो. मनावर घेऊ नका."

शिवशंकरप्पांची नजर त्यांच्या खांद्यावरून माझ्यावर आली. तोंड उघडलं. मी वाट बघितली. त्यांनी वाकून रामाचार्यांच्या पायांना हात लावला आणि तसेच उठून गेले. थोड्या वेळाने शेजारच्या दारातून त्यांची हाक ऐकू आली.

रामाचार्य आत येऊन बसले. दिवेलागण झाली तरी तसेच अंधारात होते, नलिनीबाई देवळातून यायच्या होत्या.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगतो, वस्तू बिघडली तर माणसाला दोष देण्याआधी ती एकदा उघडून बघा. माझ्या पोटात सुटलेला डाख अजून तसाच आहे, आणि आत सगळं कोरडं आहे. वरून फक्त चार स्क्रू आहेत.

मला अजून कुणी उघडलेलं नाही.