चाळीस सेकंदांपुढचं

छातीएवढे उंच दोन स्पीकर माझ्या खोलीत उभे होते आणि मी नको असलेल्या पाहुण्यांकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघत होते. स्पीकर ऐकून मासिकात त्यांच्यावर लिहायचं, हा माझा वीस वर्षांचा धंदा. ही जोडी स्वस्तातली, एका बऱ्या कपाटाच्या किमतीची. खोक्यावर टिचकी मारून पाहिली, तर लाकूड भरीव. माझा पारा आणखीच चढला. नावं ठेवायला जागा असली की मला बरं वाटतं.

खरं तर राग स्पीकरवर नव्हताच. आठवड्यापूर्वी कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आलेख पुढे सरकवून सांगितलं होतं, की बारीक आवाज मला आता कमी ऐकू येतात. "वयाप्रमाणे व्हायचंच हो," म्हणाल्या. त्यांचं काय जातंय बोलायला! घरात मी चकार शब्द काढला नव्हता. मनाशी मात्र ठरवलं होतं: या जोडीतलं बारीकसारीक मला कळलं नाही, तर संध्याकाळी संपादकांना कळवायचं आणि हे काम सोडायचं.

परीक्षेला माझं नेहमीचंच रेकॉर्डिंग. बाबा सुतार. धंद्यात नवी असताना मी त्यांच्या कामाच्या जागी माइक मांडून त्यांचं रंधा मारणं टिपलं होतं. गाणं काय, कुठलाही स्पीकर गोड करून वाजवतो. रंध्यापुढे मात्र भल्याभल्यांचं पितळ उघडं पडतं, आणि तेही पहिल्या चाळीस सेकंदांत. त्यापुढे मी कधी ऐकलंच नव्हतं. गरजच काय?

स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, खुर्ची खडूच्या खुणेवर ठेवली आणि सुरू केलं.

पातं फळीवर टेकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. स्पीकर होते तिथेच होते, पण आवाज त्यांच्यातून येतच नव्हता. तो समोरच्या मोकळ्या जागेतून, कमरेच्या उंचीवरून येत होता. लाकडाची साल सुटून जमिनीवर पडल्याचंही कळत होतं. कपाटाच्या किमतीत! मी आ वासून बसले.

नेमका तेव्हाच संपादकांचा फोन आला. "कसे आहेत?"

"आधी ऐकू तर द्या!" म्हणून मी तो आपटला. तोवर चाळीस सेकंदं केव्हाच उलटली होती आणि काहीतरी बदललं होतं. फेरे आखूड झाले होते, प्रत्येक फेऱ्यानंतर किंचित थांबणं. आली का ही जोडी जातीवर, म्हटलं. वहीत खरडलं: 'मिनिटभरात दम तुटतो.'

"ही तर तुझी आई," दारातून बाबा म्हणाले.

बाबांशी ओरडून बोलावं लागतं. करवतीच्या यंत्राने त्यांचे कान कधीच खाल्लेत. पण रंधा त्यांना बरोबर कळतो.

"आई कुठली बाबा? तुम्हीच आहात!" मी ओरडले.

"माझा हात भरून आला होता गं. तू बाहेर गेलेलीस, आवाज नको म्हणून. तुझं रेकॉर्डिंगचं यंत्र चालू, मग थांबायचं कसं? तिने रंधा काढून घेतला हातातून. बघ, दर फेऱ्याला थांबून फळीवर हात फिरवतेय. मी नाही फिरवत."

मी पुन्हा कान दिला. फेरा संपत होता आणि मग तळहात लाकडावरून सरकत होता. अगदी हलका. तो मला ऐकू येत होता. वहीतली ओळ मी रेघ मारून खोडली.

आई जाऊन नऊ वर्षं झाली. ती हळू बोलायची आणि तिचा आवाज आमच्याकडे कुठेही जपलेला नाही, हे आम्ही दोघांनी मुकाट्याने मान्य केलेलं होतं.

रंधा थांबला. पावलं माइकजवळ आली. मी जणू त्या यंत्रातच बसले आहे, अशा समजुतीने कुणीतरी वाकून अगदी पुटपुटल्यासारखं विचारलं,

"आलं का गं नीट?"

आणि रेकॉर्डिंग संपलं.

"थांबलं वाटतं," बाबा म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून पुढे आले. "काय झालं? काही म्हणाली का ती?"

त्यांना ऐकू आलं नव्हतं. मला आलं होतं.

"आलं का गं नीट, विचारतेय," मी ओरडून सांगितलं.

बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "मग सांग की तिला."

"आलं, आई," मी म्हणाले.