मातीचा वाटा

"उचल तुझी भांडी, ताई! आत्ताच्या आत्ता उचल."

धाकट्याने मक्याच्या दोन ओळींमधलं पालथं भांडं हिसका देऊन उपटलं आणि बांधावर भिरकावलं. भांड्याची नळी मागोमाग फरफटत गेली.

"अरे बाळ्या, जपून! केंद्राचं आहे ते."

"बाळ्या म्हणू नकोस. सून यायची वेळ झालीय माझ्या घरात."

एरवी ती हसली असती. पण त्याच्या मुठीत वर्तमानपत्र चुरगळलेलं होतं आणि त्यात काय छापलंय ते तिला ठाऊक होतं: 'शहराच्या गढूळ हवेला शेतं जबाबदार.' खाली तिचा फोटो.

आसपासच्या गावांत तिला मातीवाली बाई म्हणत. संशोधन केंद्रातली तिची सगळी नोकरी जमिनीतून वर येणारे वायू अशा पालथ्या भांड्यांत धरून मोजण्यात गेली होती. खत टाकून पाणी सोडलं, की पिकाला न पेललेलं खत मातीतले जिवाणू पचवतात आणि नायट्रोजनचे वायू सुटतात. ते शहराच्या धुरात मिसळले आणि वरून ऊन तापलं, की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो डोळे चुरचुरवतो, छाती आवळतो, झाडाच्या पानांनाही सोडत नाही. धाकट्याला हे ती कितीदा सांगून चुकली होती. तो हं हं करायचा. बहिणीचं खूळ म्हणून त्याने शेताचा एक कोपरा देऊन टाकला होता.

"बातमी मी दिली नाही," ती म्हणाली. "वीजकेंद्रवाल्यांनी माझ्या अहवालातलं एक वाक्य तेवढं उचललंय. त्यांना दुसरं धुराडं उभं करायचंय."

"म्हणजे धूर त्यांचा आणि नाव आमचं! काल चार लोकांत मला मान वर करू दिली नाही कुणी. शेतातला वाटा सोडलास ना तू? मग आता उकरतेस कशाला?"

ते वर्मी लागलं. तिने भांडं उचललं, नळी गुंडाळली आणि चालू लागली.

नव्या धुराड्याच्या सुनावणीला निघताना संशोधन केंद्राच्या संचालकांनी तिला थांबवलं. "बाई, शेतांचं तेवढं बोला. धुराड्याचा विषय आपला नाही. नवी यंत्रं वीजकेंद्रच देणार आहे आपल्याला."

"आणि लोकांनी विचारलं तर?"

"माहीत नाही म्हणायचं."

"माहीत असलेलं माहीत नाही म्हणायला मला जमत नाही, साहेब. या वयात शिकणारही नाही."

सभागृहात एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला वीजकेंद्राचे साहेब. धाकटा मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा होता.

"बातमीत छापलंय ते खरं आहे," तिने सुरुवात केली. शेतकऱ्यांत एकच गलका उठला. धाकट्याने मान फिरवली. साहेब खुर्चीत ऐसपैस रेलले. "पण ते अर्धंच आहे. खतपाण्यानंतरचे काही दिवस आपली माती खरोखरच पुष्कळ वायू सोडते. खत एकदम ओतायचं थांबवून पिकाला लागेल तसं थोडं थोडं दिलं, तर ते कमी होतं. माझ्या भावाच्या शेतात मोजलंय मी. धुराडं मात्र बारा महिने तेच वायू ओकतं, आणि त्याला आवर घालायला कुणी धजत नाही."

"बाई, विषयाला धरून बोला," अध्यक्ष म्हणाले.

"विषयालाच धरलंय. सोडत नाही, एवढंच."

माइक बंद झाला. ती थांबली नाही. उरलेलं सगळं तिने खड्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं सांगितलं. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. साहेब रागावले होते आणि शेतकरीही.

धुराड्याचा निर्णय लांबणीवर पडला. तिचा मात्र लगेच झाला. यंत्रं काढून घेतली आणि तिला ग्रंथालयात बसवलं. जुनी भांडी भंगार म्हणून तिच्याच गाडीत पडून राहिली.

सुट्टीच्या दिवशी ती हे सांगायला भावाकडे गेली. धाकटा चहाचा कप घेऊन मागच्या दारात बसला होता. ऐकता ऐकता त्याने चहाचा घोट घेतला. भावजय तिला परसात घेऊन गेली.

"वन्सं, हा घेवडा बघा. पानांवर हे करडे ठिपके कसले? औषध मारूनही जात नाहीत."

"औषधाने जायचे नाहीत ते. हवेतला ओझोन तो."

"मग इथं मोजा तुमचं."

"यंत्रं नेली गं. जुनी भांडी आणि वायू टिपणाऱ्या चकत्या तेवढ्या आहेत. कॉलेजातली एक मैत्रीण तपासून देईन म्हणते."

"मग झालं तर!"

"घरात ही कटकट नको मला," दारातून धाकटा गरजला.

भावजयीने मागे वळूनही पाहिलं नाही. "शेत तुमचं. परस माझं. इथं कधी खुरपं धरलंय तुम्ही?"

तिने गाडीतून भांडं आणलं आणि दोघी गुडघे टेकून बसल्या. भावजयीने माती भुसभुशीत केली, तिने भांड्याची कड आत दाबली. दारात धाकटा त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. कप केव्हाच रिकामा झाला होता. तो उठून मात्र गेला नाही.