डावा खांदा

शिवणवर्गाच्या परीक्षेत शेवटी आपण शिवलेलं जॅकेट आपणच घालून उभं राहायचं असतं. मुली रांगेत उभ्या राहिल्या. परीक्षकांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही काय नक्कल चालवलीय?"

एकजात सगळ्यांच्या जॅकेटचा डावा खांदा ओढला जात होता, कॉलर तेवढ्याच बाजूला मानेपासून सुटली होती. जाडीची, काटकुळीची, अगदी वर्ग जिला चिमणी म्हणायचा, त्या ताठ उभ्या राहणाऱ्या पोरीचीसुद्धा.

"एकीनं चूक केली, बाकीच्यांनी डोळे झाकून उतरवली. सगळ्या नापास!"

चिमणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिची कारखान्यातली जागा या निकालावरच अडली होती.

मागे उभ्या असलेल्या, वर्गाला शिवण शिकवणाऱ्या बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. स्वतःचं जॅकेट उसवून त्यांनी कागदी नमुना काढला होता आणि सगळ्या वर्गाला तोच दिला होता. जाडीला दोन बोटं वाढवा, काटकुळीला कमी करा, बाकी डोकं चालवू नका! लहानपणी पडल्यापासून त्यांचा डावा खांदा उतरलेला. तो झाकायला भर उकाड्यातही अंगावर शाल. पोरींना ती बाईंची फॅशन वाटायची, दोघीतिघींनी तर तशीच शाल घ्यायला सुरुवातही केली होती.

परीक्षकांनी पेन उघडलं. गप्प बसलं तर झाकली मूठ राहणार होती, पण पोरी बुडणार होत्या. बाई पुढे आल्या आणि त्यांनी शाल काढली. लाजेनं त्यांचे कान तापले.

"नक्कल नाही साहेब. माझं माप आहे ते. आडात जे होतं तेच पोहऱ्यात आलं."

परीक्षक खांद्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी नजर वळवली. "दुपारपर्यंत वेळ देतो. खांदे उसवा, आपापल्या मापानं लावा. नाहीतर नापास."

चिमणी धावत आली. "बाई, लवकर सांगा ना! माझ्या खांद्याला किती बोटं?"

उत्तर बाईंच्या जिभेवर तयार होतं. आजवर पोरींचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच त्यांनी उत्तर दिलं होतं. त्यांनी ते महत्प्रयासानं गिळलं.

"मला विचारू नकोस. काटकुळीला तुझं माप घ्यायला सांग."

दोघींनी घाईघाईनं टेप उलगडली आणि ती कुठे टेकवायची, म्हणून पुन्हा बाईंकडेच पाहिलं.