स्वेटरांतला कुकर

स्पेनमध्ये काय काय पाहिलं म्हणून मला विचारू नका. आधीच डोकं तापलेलं आहे.

बावीस वर्षं मी लंडनमधल्या हॅरोच्या एका प्रायमरी स्कूलच्या किचनमध्ये काढली. रोज तीनशे पोरांचं जेवण, आणि घरी आल्यावर परत पोळ्या आहेतच. जुलैत रिटायर झाले तेव्हा आमचे हे, शशिधर, चारचौघांत म्हणाले, "सुमन, तुला स्पेनला नेतो. चार दिवस चमचासुद्धा उचलायचा नाहीस." मी वेडी, डोळ्यांत पाणी आणून ऐकलं.

मग कळलं, बरोबर अतुल आणि मंजिरीपण आहेत. अतुल म्हणजे यांचा तिथल्या मराठी मंडळातला दोस्त, मंजिरी त्याची बायको. म्हटलं, असू देत, सोबत होईल.

हॉटेल निघालं सारागोसाच्या पुढे, हायवेला अगदी खेटून. समोर ट्रकांची रांग, खोलीत लोखंडी पलंग, शॉवरचा पडदा मेला अंगाला चिकटणारा. त्याचंही मला काही नव्हतं. गादी कशी का असेना, सकाळी उठून कणीक मळायची नाही ना, मग झालं तर.

दुपारी यांची बॅग उघडली. स्वेटरांत गुंडाळलेला माझा तीन लिटरचा कुकर! शेजारी तांदूळ, तूरडाळ, मसाल्याचा डबा.

"हे काय?"

"अगं, वरच्या मजल्यावर कॉमन किचन आहे. म्हणून तर हे हॉटेल घेतलं. एक वेळ वरणभात लाव, बाकी आराम."

"अतुलभाऊजींनी सांगितलं का असं?"

"छे, मीच म्हटलं. सुमन करील की. तिचं हातासरशी होतं."

हातासरशी! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला यांचं काय जातंय? असा संताप आला, वाटलं कुकर खिडकीतून हायवेवर भिरकावावा.

"मी करणार नाही," एवढंच म्हटलं, पर्स उचलली आणि खाली उतरले.

खाली जेवणाची खोली होती. सगळे ट्रकवाले. मालकीणबाई एकटीच धावपळ करत होती. शेजारच्या ताटाकडे मी बोट दाखवलं, तशी तिने तळलेली अंडी, बटाटे, पाव आणून ठेवलं. अर्धं संपलं तेव्हा परत आली आणि न विचारता आणखी बटाटे वाढून गेली. लग्नाला अडतीस वर्षं झाली, मला बसवून गरम गरम कोणी वाढलंय ते आठवेना. रडू यायला लागलं, तेही रागाचंच.

तेवढ्यात मंजिरीचा मेसेज. "वहिनी, ताप आलाय म्हणे? पडून राहा. मी बघते स्वयंपाकाचं."

ताप! बायको नाही म्हणाली हे सांगायची लाज, म्हणून मला आजारी पाडलं! ताट तसंच टाकून मी दोन जिने चढले. गुडघे बोंबलत होते.

किचनमध्ये हे आणि अतुल खुर्च्या टाकून फोनवर मॅच बघत होते. मंजिरी कांदा चिरत होती. बिचारी नर्स आहे, हॉस्पिटलची शिफ्ट संपवून तशीच विमानात बसलेली. उभ्या उभ्या पेंगत होती.

"वहिनी, उठलात कशाला?"

मी तिचा हात धरला आणि माझ्या कपाळावर ठेवला. "तू नर्स ना? सांग, आहे ताप?"

तिने हात लावून बघितलं, मग यांच्याकडे बघितलं. "नाही हो."

"मी ठणठणीत आहे. स्वयंपाक करणार नाही म्हणाले, एवढंच झालंय मला."

"सुमन, हळू," हे पुटपुटले. "लोक ऐकतील."

"ऐकू देत! इथे मराठी कोणाला कळतंय? अडतीस वर्षांत तुम्हालाच कळलं नाही."

अतुल हसत मध्ये पडला. "वहिनी, कशाला चिडता? तुम्ही नका करू. मंजिरी करतेय की."

मंजिरीची सुरी थांबली. तिने ती खाली ठेवली, नळाखाली हात धुतले, ओढणीला पुसले.

"वहिनी, खाली अजून एक जागा असेल?"

"आहे," मी म्हटलं. "चल. ती बाई गरम वाढते."