समुद्राकडचं दार

योसेफाला मी फारोच्या तुरुंगातून नुकतंच बाहेर काढलं होतं. दाढी झाली होती, कपडे बदलून झाले होते, आता राजासमोर उभा करायचा, एवढ्यात तिसऱ्या बाकावरून मानसाने पद उचललं.

आमच्या चॅपेलात याला कोणी अडथळा म्हणत नाही. प्रवचन रंगलं की बायका मधेच गातात. एकीने पद उचलायचं, बाकीच्यांनी झील धरायची आणि बोलणाऱ्याने बायबलवर बोट ठेवून गप्प उभं राहायचं. खरं सांगायचं तर निम्मं प्रवचन मी त्या गप्प उभं राहण्यासाठीच करतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी मी या चौथऱ्यावर चढतो, आणि माझ्या शब्दांनी जे दगड हलत नाहीत ते मानसाच्या आवाजाने हललेले मी डोळ्यांनी पाहिलेत.

त्या रविवारी ती उभी राहिली ती हात पसरूनच.

“योसेफ बसला कैदेत गं, माझा एबो बसला घरात,
देवानं कडी काढली गं, ऊन आलं दारात!”

आणि सगळ्या बाकाने झील धरली, “ऊन आलं, ऊन आलं, ऊन आलं दारात!”

रुमाल हवेत फिरू लागले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. एबोला नोकरी लागली! मानसाचा एकुलता एक पोरगा. फ्रीज, बर्फाची यंत्रं यांचं शिक्षण घेऊन आलेला, आणि आल्यापासून घरात बसलेला. मी समुद्राकडच्या दाराकडे पाहिलं. त्या दाराची कडी फार पूर्वीच गंजून पडली आहे. वारा आला की दार आपटतं आणि प्रवचन दचकतं. म्हणून एबो लहानपणापासून तिथेच उभा राहायचा, दाराला टाच लावून. आजही तो तिथेच होता. पण त्याचा चेहरा नोकरी लागलेल्या माणसाचा नव्हता. बाजारात आपलाच चोरीला गेलेला शर्ट दुसऱ्याच्या अंगावर दिसावा, तसा तो आईकडे बघत होता.

उपासना संपली तसा त्याच्याभोवती गराडा पडला. एकुआ यामोआ, मानसाच्या शेजारी बसणारी, झील धरण्यात पहिली आणि टोमणे मारण्यात त्याहून पहिली, तिने त्याची बाहीच पकडली.

“साहेब, आमच्या पोरीलाही चिकटवा की कुठंतरी. झाडू मारील, पण पंख्याखाली मारील!”

“मावशी, अजून तसं काही...”

“बघा, बघा! अजून पगार नाही झाला तर आवाज बारीक झाला साहेबांचा.”

त्याला ओढून मी मागच्या खोलीत आणलं. दार लावल्याबरोबर तो मटकन खाली बसला.

“मास्तर, आईनं हे काय केलं? मी नुसती मुलाखत दिलीय. टेमाच्या बंदरात, त्या मासे डबाबंद करायच्या कंपनीत. कळवतो म्हणालेत.”

“मग तू तिला काय सांगितलंस?”

“काहीच नाही! रात्रभर गाडीत होतो, आलो आणि झोपलो. उठलो तर त्यांची टोपी खुंटीवर टांगलेली आणि आई गुणगुणतेय. मला वाटलं, रोजचंच गुणगुणणं.”

“कसली टोपी?”

“कंपनीची. रांग उन्हात होती ना, म्हणून सगळ्यांनाच वाटल्या. पाण्याची बाटली आणि टोपी. ज्यांना फाटकातूनच परत पाठवलं त्यांनासुद्धा.”

मग माझ्या लक्षात आलं. आमच्या गावच्या किनाऱ्यावर नावेचा मालक ज्याला खलाशी म्हणून घेतो त्याच्या हातात वल्हं देतो. लिहिणं नाही, सही नाही. वल्हं हातात आलं की माणूस त्या नावेचा झाला. मानसाच्या नवऱ्याला असंच वल्हं मिळालं होतं. ते अजून तिच्या चुलवणामागे उभं आहे. नवरा मात्र समुद्राने ठेवून घेतला.

मंगळवारी मी तिच्याकडे गेलो. मंगळवारी आमच्याकडे कोणी समुद्रावर जात नाही, तो समुद्राचा विसाव्याचा वार. त्यामुळे मासे धुरवायच्या भट्ट्या थंड असतात आणि बायकांशी दोन शब्द बोलता येतात. मानसा भट्टीवरच्या जाळ्या घासत होती. एबोने तिला आदल्या रात्रीच खरं सांगितलं होतं.

“या मास्तर. रागवायला आलात?”

“नाही गं.”

“मग रागवा. कुणीतरी रागवायला पाहिजे. तो तर एक शब्द बोलत नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून पडलाय.” तिने जाळी आपटली. “हातात वस्तू द्यायची आणि माणसाला परत पाठवायचं, ही कुठली रीत?”

“कंपन्यांची रीत आहे.”

“मग शिकवा त्यांना. मास्तर ना तुम्ही?”

मी हसलो. ती नाही हसली.

“अजून ते नाही म्हणालेले नाहीत, मानसा.”

“‘हो’ही म्हणाले नव्हते. आणि मी देवासमोर गायले. मास्तर, माझ्या आईनं मला बाकावर बसवलं तेव्हा एकच सांगितलं होतं. देवानं केलेलं गा, त्याला कामं सांगू नकोस. मी त्याला काम सांगितलं, तेही झालं म्हणून.” तिने फडकं पिळून भट्टीच्या कडेवर वाळत टाकलं. “खरं उभं राहीपर्यंत माझ्या तोंडून पद निघणार नाही.”

कंपनीचं उत्तर आलं ते एबोच्या फोनवर, दोन ओळींचं. जागा भरल्या आहेत, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. गावात त्याबद्दल कोणी मोठ्याने बोललं नाही. पण आभाराच्या उपासनेसाठी मानसाने पांढरं कापड घेऊन शिवायला टाकलं होतं, ते शिंप्याकडून तिने गुपचूप आणलं आणि पेटीत ठेवलं. हे मात्र सगळ्या गावाने पाहिलं.

आणि मानसा गप्प झाली. रविवारी यायची, तिसऱ्या बाकावर बसायची, झील धरायची, तीही ओठातल्या ओठात. पद दुसऱ्या कोणी उचललं तर ते दोन पावलं चालून बसकण मारायचं. मी दानिएलाला सिंहांच्या गुहेत टाकलं, कोणी काही गायलं नाही. बिचाऱ्याला मलाच बाहेर काढावं लागलं. बाहेर पडताना एकुआ म्हणाली, “मास्तर, राग नका मानू, पण हल्ली तुमचं प्रवचन म्हणजे बिनमिठाची केंकी, नुसता मक्याच्या पिठाचा गोळा. पोट भरतं, पण पाणी प्यावं लागतं.”

एबोचं काय चाललं होतं ते मला रोज दिसायचं. माझ्या ओट्यावर फोनला चांगली रेंज येते, म्हणून गावातली शिकलेली पोरं तिथे जमतात. ‘जागा आहेत’ नावाचा त्यांचा गट आहे, त्यावर दिवसभर संदेश येतात. शंभर जागा, दोनशे जागा, त्वरा करा. निम्म्यांच्या शेवटी, आधी नोंदणीची रक्कम पाठवा.

“ही बघा मास्तर, परत खोटी,” एबो सांगायचा. “यांच्याकडे नोकऱ्या नाहीत, पण नोकऱ्यांची जाहिरात करायची नोकरी मात्र यांना आहे.”

पोरं हसायची. हसून झालं की पुन्हा फोनमध्ये तोंड खुपसायची. रात्री प्रार्थनेत मी एकेकाचं नाव घ्यायचो, आणि एबोच्या नावाशी अडकायचो. मायलेकरांपैकी कोणासाठी आधी मागावं ते कळायचं नाही. तिचा आवाज त्याच्या नोकरीत अडकला होता, आणि त्याची मान तिच्या आवाजात.

मग काही दिवस एबो दिसेनासा झाला. मानसा म्हणाली, केप कोस्टला कोणा मित्राच्या दुकानात फ्रीज दुरुस्त करतोय. शनिवारी संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर उगवला. खांद्याला जाड कापडाची पिशवी, आत हत्यारं खणखणत होती.

“मास्तर, लागली.”

मी आधी त्याचा चेहरा निरखून पाहिला. माणूस एकदा भाजला की फुंकरसुद्धा जपून मारतो.

“यावेळी खरंच लागली. आरोग्य खात्यात. लशी ठेवायचे फ्रीज असतात ना दवाखान्यांतून, ते चालू ठेवायचे. केप कोस्टला प्रशिक्षण होतं, म्हणून गेलो होतो; दुकानाचं आईला नुसतं सांगितलं होतं. आज ही पिशवी दिली, आणि हा कागद.” त्याने कागद पुढे केला. शिक्का होता, सही होती. “बुधवारी निघायचंय.”

“कुठे?”

“उत्तरेला. बोल्गाच्याही पुढे. खेड्याखेड्यांतून मोटारसायकलवर फिरायचं.”

देशाचं दुसरं टोक. तिथे समुद्राचा वासही पोचत नाही. मी त्याला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

“आईला सांगितलंस?”

“नाही. घरात सांगितलं तर खूश होईल, रडेल, कोंबडी कापेल. पण गाणार नाही. तिचं पद चॅपेलात अडकलंय मास्तर, ते तिथंच सुटायला पाहिजे.” तो जरा घुटमळला. “उद्या मी उचललं तर चालेल?”

“तू? अरे, पण तुझा गळा...”

“बापाचा आहे. माहीत आहे मला.”

दुसऱ्या दिवशी मी बेथेस्दाच्या तळ्याकाठी होतो. पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा व्हायचा, आणि तो आजारी माणूस वर्षानुवर्षं तिथेच पडलेला. “तो म्हणाला, मी जाईपर्यंत माझ्याआधी दुसराच उतरतो!” असं मी म्हटलं, आणि दाराकडे पाहिलं.

एबोने हत्यारांची पिशवी दाराला लावून ठेवली आणि दोन बाकांच्या मधून पुढे आला. आमच्याकडे पुरुष पद उचलत नाहीत असं नाही, पण ज्यांना उचलता येतं तेच उचलतात.

“माशांच्या कंपनीनं टोपी दिली, काम नाही दिलं,
आईनं माझ्या पद गायलं, जरा आधीच गायलं!”

आवाज सुरापासून इतका लांब होता की त्याला बोलवायला माणूस पाठवावा लागला असता. पहिल्या ओळीला लोक गोंधळले, दुसरीला हसू फुटलं. एकुआ मोठ्याने म्हणाली, “देवा, ही मानसाची अवलाद?” मानसा मान खाली घालून बसली होती. तिचे हात मांडीवर घट्ट बांधलेले मला वरून दिसत होते.

“आता उघडलं लहान दार गं, दवाखान्याचं दार,
लशी थंड ठेवीन मी गं, बोल्गाच्याही पार!”

“कागद पाहिला का कुणी?” मागून कोणीतरी ओरडलं.

“मी पाहिला!” मी चौथऱ्यावरून ओरडलो. “शिक्का आहे, सही आहे! आणि दारापाशी पिशवी आहे ती त्यांनीच दिलेली, हातात!”

एबोने दम घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, यावेळी आणखी वरच्या पट्टीत. आता कोणाच्याच कानाला सोसवेना. मानसाने एकदा डोळे मिटले. एकदा खांदे उडवले. पोरगा तिसऱ्यांदा ‘दार’ या शब्दावर घसरला तेव्हा ती उठलीच.

“अरे, असं नाही रे बाळा,” ती म्हणाली, आणि त्याच्या हातून ओळ काढून घेतली.

“आता उघडलं लहान दार गं...”

चॅपेल भरून आलं. इतके दिवस त्या आवाजाला आम्ही किती भुकेलो होतो ते तेव्हा कळलं. झील उसळली, रुमाल निघाले, म्हातारे काठ्या आपटू लागले. ती गात होती, पोराकडे पाहत, चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखी, “लशी थंड ठेवील तो गं, बोल्गाच्याही...”

आणि थांबली. शब्द तिच्या तोंडात आल्यावर तिला त्याचा अर्थ पोचला.

बाकावरच्या बायकांनी एक क्षणही जाऊ दिला नाही. एकुआने तिच्या कमरेला हात घातला आणि ओळ उचलून धरली, “पार, पार, बोल्गाच्याही पार!” एकदा, दोनदा, कितीदा तरी. पाण्यात दमलेल्या माणसाला दोघांनी मधे धरून किनाऱ्याकडे आणावं, तशा त्या तिला घेऊन चालल्या होत्या. मग मानसाने डोळे पुसले, आणि नवीन ओळ टाकली.

“समुद्र संपतो तिथंही गं, देवाचाच दरबार!”

त्या दिवशी माझा आजारी माणूस तळ्याकाठी तसाच पडून राहिला. कोणी विचारलं नाही, मीही आठवण दिली नाही.

बुधवारी एबो गेला. गाडीतळावर मानसाने त्याच्या मांडीवर धुरवलेल्या माशांचं गाठोडं ठेवलं आणि फक्त एवढंच बोलली, “तिकडच्यांना वाट थोडं. आणि गाऊ नकोस कुठे.”

पुढच्या रविवारी मी चौथऱ्यावर चढलो आणि बायबल उघडलं. मानसा पांढरं कापड नेसून आली होती. मी सुरुवात केली आणि समुद्राकडचं दार आपटलं. लोक दचकले. मी पुन्हा सुरुवात केली, दार पुन्हा आपटलं. ती जागा भरायचं कोणाला सुचलं नव्हतं.

मानसा तिसऱ्या बाकावरून उठली. सावकाश चालत दारापाशी गेली, ते ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. वाऱ्याने तिच्या कापडाची किनार तेवढी हलत होती. मग तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, बोला म्हणून.

मी बोलू लागलो. पद तिने तिथूनच उचललं.