आंतरराष्ट्रीय मध्यस्थ

“सहा वरसं परदेशात खेळला म्हनं, अन् गोल किती? तीन! आमचा बारका एका इतवारी तीन मारून येतो.”

मांडवात वच्छलाबाईच्या पाठीला गुडघा टेकवून बसलेली सरजाबाई शेजारणीच्या कानात कुजबुजत होती. पण तिची कुजबुज म्हणजे स्पीकरच्या तोडीची. वच्छलाबाई मागे वळली नाही. गोल मारायचं काम योगीराजचं नव्हतंच. माल्टाहून पहिल्यांदा घरी आला तेव्हा चुलीपुढं बसून त्यानं तिला समजावलं होतं, “आई, मी मधला. मागून आलेला चेंडू सांभाळायचा अन् पुढच्याच्या पायात द्यायचा. नाव त्याचं होतं.”

“मंग माझंच काम की रे,” ती म्हणाली होती. उसाच्या फडात वैजीनाथ तोडायचा, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. मुकादमाच्या हिशेबात दोघं मिळून एक कोयता, तोही नवऱ्याच्या नावाचा.

स्टेजमागच्या फ्लेक्सवर लिहिलं होतं, ‘आंतरराष्ट्रीय फुटबॉल मध्यस्थ चि. योगीराज वैजीनाथ यांचा भव्य सत्कार’. मजकूर चंद्रभान मुकादमानं स्वतः सांगितलेला. मिडफिल्डर म्हणजे मधला माणूस, आणि मधला माणूस म्हणजे मध्यस्थ. उभा जन्म कारखाना आणि तोडकरी यांच्या मधे उभं राहून दोन्हीकडून खाल्लेल्याला दुसरा अर्थ सुचणार तरी कुठून? फोटोही धड नव्हता. गंगाखेडच्या फ्लेक्सवाल्यानं योगीराजचं मुंडकं कुण्या गोलकीपरच्या धडावर बसवलं होतं. भर मे महिन्यात हातात जाडजूड मोजे. सकाळी योगीराजनं तो फ्लेक्स आईला वाचून दाखवला आणि महिनाभरात पहिल्यांदा हसला.

आता चंद्रभानचा अंगठ्यांनी भरलेला हात योगीराजच्या खांद्यावर होता. तो हात वच्छलाबाईच्या ओळखीचा होता. कोल्हापूरकडच्या फडावर, योगीराज नऊ वर्षांचा असताना, तिथल्या फुटबॉल खेळणाऱ्या तालमीच्या पोरांनी त्याला एक उसवलेला फुटबॉल दिला होता. बैलांसाठी उसाची वाढं गोळा करायचं सोडून पोरगं खेळतंय म्हणून याच हातानं तो चेंडू पेटत्या पाचटात फेकला होता. त्या जळक्या चामड्याचा वास आजही, अत्तर मारलेल्या हारांतून, तिच्या नाकात शिरत होता.

“मीच ह्याला कोल्हापूरला नेलं!” चंद्रभान माईकवर ओरडला. “मी नेलं नसतं तर हा फुटबॉल शिकला असता का?”

टाळ्या पडल्या. वैजीनाथनंही वाजवल्या. तिला नवऱ्याची शिसारी आली, आणि मग स्वतःची.

कारण गावाला सांगितलं होतं तसं पोरगं सुट्टीवर आलेलं नव्हतं. आल्या दिवसापासून त्याला मांडी घालता येत नव्हती. पहिल्याच जेवणाला वैजीनाथनं प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली, तिनं ताट स्टुलावर वाढलं. परभणीच्या डॉक्टरनं तिघांसमोर सांगितलं होतं, गुडघ्यातली दोरी दोनदा शिवून तिसऱ्यांदा तुटलीय. जपलं तर चालता येईल, एक हिसका बसला तर जन्माची काठी. परतीच्या एसटीत गंगाखेड येईपर्यंत वैजीनाथ सोयाबीनच्या बियाण्यावर बोलत राहिला. धाकट्या लेकीची, शिवकन्याची, सोयरीक जुळत आली होती. पाहुणे ‘फॉरेनच्या मेव्हण्या’वर खूश होते. तेवढं पार पडेपर्यंत गप्प बसायचं, असं कुणी ठरवलं नव्हतं. तरी ठरलं होतं. तेच पाहुणे पहिल्या रांगेत बोटांना चिकटलेला पेढा चाटत बसले होते.

“अन् आता,” चंद्रभानचा आवाज फाटला, “आपल्या चंद्रभान फुटबॉल अकादमीचं उद्घाटन! आपले मध्यस्थ जोरात किक मारतील. पुढल्या हंगामाला तर ते ह्याच्याहून मोठ्या क्लबात चाललेत. काय योगीराज?”

योगीराजनं बापाकडं बघितलं. बापानं चपलेकडं.

स्टेजपुढं चुन्याच्या गोलात नवाकोरा चेंडू ठेवला होता. त्याला झेंडूचा हार, वर हळदीकुंकू. योगीराज फेटा सावरत एकेक पायरी उतरला.

“दादा, उंच जाऊ द्या, फोटो भारी येईल,” फोटोवाला म्हणाला.

योगीराजनं दुखरा पाय मातीत रोवला, सगळा भार त्यावर टाकला आणि दुसरा मागं घेतला.

वच्छलाबाई कधी उठली ते तिचं तिलाच कळलं नाही. वाकून तिनं चेंडू उचलला, हार ओरबाडून टाकला आणि चेंडू काखेत मारला.

“ए बाई, हे काय करायलीस?” चंद्रभान माईकसकट खाली धावला. “पाहुण्यासमोर इज्जत घालवतीस का लेकाची?”

“आगं, बस ना खाली!” वैजीनाथ जागेवरूनच बोलला.

“आई, दे इकडं,” योगीराज हळूच म्हणाला. “एकच तर मारायचीय.”

तिनं चंद्रभानकडं बघितलं. माईकच्या जाळीवर त्याची गुटख्याची लाल थुंकी उडाली होती. ओकारी येत होती, तरी तिनं तोंड तिथंच नेलं.

“मध्यस्थ तुमी, मुकादम. माझा लेक नुसता मधी पळत होता.” स्पीकर किंचाळला, मग गप्प झाला. “त्याचा गुडघा गेलाय. त्यो आता खेळनार न्हाई.”