इथले बारा, तिथले बारा

माझी बायको सेवेरिना इथे ब्राझीलमध्ये, साओ पाउलोत वारली. तिला इथेच पुरलं. आम्हा बोलिव्हियातल्या ओरुरोच्या लोकांत गेलेलं माणूस तीन वर्षं, नोव्हेंबरच्या एक तारखेला दुपारी बारा वाजता जेवायला येतं आणि दुसऱ्या दिवशी बाराला जातं. तिसऱ्या वर्षानंतर येत नाही. हे तिसरं वर्ष.

तिची थोरली बहीण बेनिता ओरुरोला असते. सेवेरिनाच्या जेवणाचं टेबल तिच्याकडेच मांडायचं, असं ठरलेलं. इथून ला पाझ चोवीसशे किलोमीटर, पुढे बस. तिकिटावर विमानाचे तास लिहितात, मध्ये बोलिव्हियातल्याच सांता क्रूझला रात्रभर बसवून ठेवतील हे लिहीत नाहीत. गेल्या वर्षी मी पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवसाचे बारा वाजून गेले होते. टेबल उचललेलं होतं.

म्हणून यंदा मी फोनवर सांगून टाकलं, "ताई, मी येणार नाही. टेबल इथेच मांडणार."

"डोकं फिरलं का जावईबापू? तिला तिथली वाट कशी सापडेल?"

"इथं तिनं आयुष्यभर शिलाई मशीन चालवली. गल्लीतली कुत्रीसुद्धा तिला ओळखतात."

"आत्मा एवढ्या लांब येत नाही."

"तिची कबर इथं आहे, ताई. मग ओरुरो तिला जवळ का?"

तिनं फोन ठेवला.

पाव भाजायला शेजारच्या दोना इरासेमाची भट्टी मागितली. तिच्या नावानं बाहुलीच्या आकाराचा पाव केला, तिला वरून उतरायला पावाची शिडी केली. परत जायला पावाचा घोडा करतात. मी विमान केलं. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी तिला विमानात बसू दिलं नव्हतं. आता कोण अडवतो बघू.

दोना इरासेमा हसली. "हे विमान? मला तर मासा वाटला."

"उडालं म्हणजे झालं."

एक तारखेला शेंगदाण्याचं सूप वाढलं, तिचा फोटो ठेवला. बारा वाजले तसा बेनिताताईचा फोन आला. तिनंही टेबल मांडलं होतं.

"इथं अकराच वाजलेत," ती म्हणाली. "ती बाराला येईल. इथं."

"इथले बारा आधी वाजतात. आधी माझ्याकडे जेवेल, मग तासाभरात तुमच्याकडे."

"तासाभरात? विमानालासुद्धा जमत नाही!"

"तिला सामान तपासून घ्यायचं नसतं, ताई."

पलीकडे ती हसली की रडली, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी इथे बारा वाजले. रिवाजाप्रमाणे त्याच घटकेला प्रार्थना करून टेबल उचलायचं. शेजारची आपली माणसं हात जोडून उभी होती. मी म्हणालो, "थांबा. अजून बारा वाजलेले नाहीत."

"घड्याळ बघ की, फाउस्तीनो!"

"येताना ती इथल्या घड्याळानं आली. जाईल तिच्या गावच्या घड्याळानं."

कुणीतरी पुटपुटलं, ही लबाडी झाली. हो, झाली. मी खुर्ची ओढून तिच्या फोटोसमोर बसलो. ज्यांना घाई होती ते गेले.

फोन वाजला. वाटलं, आता ताई ओरडणार.

"उचललंत टेबल?"

"नाही. तुमच्या बाराला उचलेन."

ताई म्हणाली, "मग फोन ठेवा, जावईबापू. माझ्याशी काय बोलत बसलात? अजून वेळ आहे, तिच्याशी बोला."